चाकावरचा संसार आणि पाठीवरचा बाजार

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी आगगाडी भुसावळ सोडून तापीचे खोरे चढू लागली, की तासाभराच्या आत बऱ्हाणपूर येते. स्टेशन मात्र शहरात नाही. ते शहरापासून दोन मैलांवर लालबागेत आहे. मोगलांनी लावलेल्या बागेचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत उतरणारा प्रवासी बहुधा सरळ शहराची वाट धरतो. थोडा जिज्ञासू असला, तर खुनी भांडारा नावाची भूमिगत जलयोजना पाहावयास जातो. खानखानान अब्दुर्रहीम याच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणण्याची ही करामत झाली. इतके मोठे काम हाती घ्यावे लागले, त्याअर्थी या गावाला केवळ आपल्या रहिवाशांचीच तहान भागवावयाची नव्हती, हे उघड आहे. लष्करे, व्यापारी, वकील, यात्रेकरू आणि त्यांची हजारो जनावरे येथून जात. उत्तरेस अवघ्या पाच-सहा कोसांवर असीरगड उभा आहे. हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणाऱ्या प्रत्येकाला या गडाच्या नजरेखालून जावे लागे. फारुकी सुलतानांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस वसविलेले हे शहर १६०१ मध्ये असीरगडाबरोबर अकबराच्या पदरात पडले आणि पुढे शंभर वर्षे दख्खनच्या राजकारणाची चावडी होऊन बसले.

श्रोतेहो, या वाटेची आठवण आज काढण्यास एक कारण आहे. घर सोडून द्यावे, एखादी मोठी मोटारगाडी घ्यावी, तिच्यातच निजावे, रांधावे, आणि संगणकावर काम करीत बारा महिने देशभर हिंडावे, असा एक नवा छंद सध्या जगभर पसरला आहे. अशी गाडी कोणती घ्यावी, विकत की भाड्याने, ती चालविण्यास खर्च किती, बिघडली तर दुरुस्ती कोठे, पाणी कोठे भरावे, आणि मुख्य म्हणजे वाटेत पोट कसे भरावे, याविषयी मोठ्या हिरिरीने चर्चा चालते. चर्चा करणाऱ्यांना प्रश्न नवा वाटतो. परंतु लालबागेजवळून जाणाऱ्या या वाटेवर तो चारशे वर्षांपूर्वी विचारला जात होता, आणि त्याची उत्तरेही तेव्हाच्या लोकांनी चोखपणे दिलेली होती.

पहिले उत्तर एका परदेशी प्रवाशाचे. झाँ बाप्टिस्ट टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेक वेळा हिंदुस्थानात आला. १६४१ मध्ये तो बऱ्हाणपुरात होता. शहर मोठे पण बरेचसे उद्ध्वस्त, घरे बहुतेक गवताने शाकारलेली, असे त्याने लिहून ठेवले आहे. येथल्या तलम पारदर्शक कापडाची मात्र त्याने तोंड भरून वाखाणणी केली. हे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जात असे. त्याचा धंदाच रस्त्यावरचा. खाणीजवळ हिरे घ्यावयाचे, दरबारात विकावयाचे, आणि मधले महिने वाटेत काढावयाचे. म्हणूनच १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने वाहनांविषयी जे लिहिले, ते हौशी माणसाचे लिखाण नाही. ते अनुभवी गिऱ्हाइकाचे आहे.

बसावयास बैल विकत घ्यावयाचा असो की भाड्याने, त्याची शिंगे एक फुटापेक्षा लांब नसावीत, असे तो बजावतो. कारण गोमाश्या चावू लागल्या, म्हणजे बैल मान मागे झटकतो, आणि शिंगे लांब असली तर ती स्वाराच्या पोटात शिरतात. असे अनेक वेळा घडले आहे, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. दोन बैलांच्या बसण्याच्या गाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया. सुरतेहून आग्र्याला पस्तीस ते चाळीस दिवस लागत आणि साऱ्या मजलेचे चाळीस ते पंचेचाळीस रुपये पडत. सुरतेहून गोवळकोंड्याचा दरही जवळजवळ तोच. पण स्वतःच्या गाडीसाठी त्याने जी बैलजोडी खरेदी केली, तिला सहाशे रुपयांच्या आसपास मोजले! वाचकाने या किमतीचे आश्चर्य मानू नये, असे तो म्हणतो, कारण हे बैल साठ-साठ दिवस चालतात आणि तेही दुडक्या चालीने. दुपारच्या मुक्कामात त्यांना कणीक, लोणी आणि गूळ मळून केलेले गोळे द्यावयाचे, संध्याकाळी भरडून भिजविलेले हरभरे.

आता थोडा हिशेब करू. सहाशे रुपयांची जोडी आणि रुपया रोज भाडे. म्हणजे खुराक आणि गाडीवानाचा पगार बाजूला ठेवला, तरी सहाशे दिवस रस्त्यावर काढणाऱ्यालाच खरेदी परवडणार. वर्षातून एकदा सुरतेहून आग्र्याला जाणाऱ्याने भाड्याचीच गाडी घ्यावी. ज्याचे आयुष्यच वाटेवर जावयाचे, त्याने जोडी बाळगावी. टॅव्हर्नियेने हा हिशेब कागदावर मांडलेला नाही, पण त्याच्या वागण्यात तो दिसतो. तरीही त्याचे उत्तर श्रीमंताचे होते. लोणी आणि गूळ खाणारा बैल ज्याला पोसता येतो, त्याला रस्ता महाग नसतो.

स्वस्त उत्तर शोधले ते बंजाऱ्यांनी. आपल्याकडे त्यांना लमाण म्हणतात, आणि या शब्दाचे नाते लवण म्हणजे मिठाशी सांगितले जाते. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरास शहाजादा परवीझ याच्या भेटीस आला. त्या काळच्या आपल्या लिखाणात, धान्य लादलेल्या दहा हजार बैलांचा एकच तांडा वाटेत आढळल्याचे त्याने नमूद केले आहे. पुढे १६३२ मध्ये पीटर मंडी याला आग्र्याहून पाटण्यास जाताना चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. मंडीचे वर्णन मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण तो केवळ संख्येने दिपून गेला नाही. या लोकांबरोबर त्यांच्या बायका, मुले आणि सारा संसार असतो, बैल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असतात, क्वचित ते भाड्याने माल नेतात पण बहुधा माल त्यांचा स्वतःचाच असतो, आणि दिवसाकाठी सहा-सात मैलांपेक्षा अधिक ते चालत नाहीत, हे सारे त्याने टिपले आहे.

सहा-सात मैल! चांगला पायी चालणारा मनुष्य हे अंतर सकाळच्या न्याहारीपूर्वी तोडील. मग इतक्या मंद गतीत शहाणपण कोणते? तर या व्यवहाराची सारी मेख याच मंदपणात आहे. ओझे उतरले, की बैल चरावयास मोकळे सोडीत. दिवसाचा मोठा भाग ते चरण्यातच घालवीत. म्हणजे टॅव्हर्नियेच्या बैलाला जे इंधन विकत घ्यावे लागे, ते बंजाऱ्याच्या बैलाला वाटेवरच्या पडीक रानात फुकट मिळे. वेग कमी केला आणि खर्च जवळजवळ शून्यावर आणला. धान्य आणि मीठ यांना उशीर झाला तरी ती नासत नाहीत. तेव्हा नाशवंत नसलेला, जड, स्वस्त माल आणि फुकट चरणारे सावकाश वाहन, अशी ही जोडी जमली. रेशीम आणि नीळ गाड्यांवरून व उंटांवरून जात. गरिबाच्या ताटातले मीठ मात्र बंजाऱ्याच्या बैलाच्या पाठीवरून येई.

पण गाडी का नाही? दोन बैल गाडीला जुंपले, तर पाठीवर वाहतात त्यापेक्षा कितीतरी अधिक ओझे ओढतात, हे बंजाऱ्याला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? याचे उत्तर बऱ्हाणपूरच्या भूगोलात सापडते. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुड्याची खिंड, पुढे नर्मदा, मग विंध्य. पूल नाहीत. खानदेशच्या काळ्या जमिनीत पहिल्या पावसानंतर चाक तुंब्यापर्यंत रुतते. टॅव्हर्नियेने मालवाहू गाड्यांचे जे तांडे पाहिले, त्यांतल्या एकेका गाडीला दहा-बारा बैल जुंपलेले असत, आणि खडबडीत जागी ती उलटू नये म्हणून बरोबरचे शिपाई दोन्ही बाजूंनी दोर धरून तिला सावरीत. गाडीला रस्ता लागतो, सुतार लागतो, लोहार लागतो. आरा मोडला की मुक्काम. लदणीच्या बैलाला नुसती पाऊलवाट पुरते. एक बैल लंगडला तर त्याची गोणी दुसऱ्यांवर वाटून देता येते, आणि तांडा चालू राहतो. शिवाय चाकाची किंमत वर्षागणिक उतरते, गाईची वाढते. ती वासरे देते. बंजाऱ्याचे वाहन स्वतःच आपली नवी आवृत्ती काढीत असे. गोण्याही तांड्यातच सणाच्या सुतळीच्या विणल्या जात.

या भागातला बैलही त्या कामास साजेसा. निमाडी बैलाची अंगकाठी आणि रंग गीरच्या वळणाचा, तर चपळपणा, तापटपणा आणि खुरांची ठेवण खिल्लारीची, असे पशुवैद्य सांगतात. आमच्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तो बाजारात आधी खूर पाहतो आणि मग तोंड.

एका बैलाच्या पाठीवरचे ओझे अंदाजे सव्वाशे किलोग्रॅम धरले, तर दहा हजार बैलांचा तांडा बाराशे टनांच्या आसपास माल वाही. आजच्या मालगाडीच्या वीसएक वाघिणींत तो मावेल. ही तुलना मुद्दाम ध्यानात ठेवावी, कारण तिच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

तांडा म्हणजे नुसती बैलांची रांग नव्हे. ते फिरते गाव होते. नायकाचा शब्द हा तेथला कायदा. पुढे एक बैल बालाजीच्या नावाने सोडलेला असे. त्याच्यावर ओझे कधीच लादीत नसत. कवड्या, घुंगरे आणि तांबडे रेशीम यांनी त्याला मढवीत, आणि दुखणे-संकट आले की त्याच्याच पायांवर डोके ठेवीत. हा मजकूर इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात आला आहे. गंमत अशी, की बंजाऱ्यांची चांगली माहिती ज्यांनी गोळा केली, त्यांत वऱ्हाडातला कंबरलेज नावाचा एक पोलिस अधिकारी होता. त्याची पुस्तिका १८८२ ची. ज्या खात्याने या लोकांवर पाळत ठेवली, त्याच्याच दप्तरातून आपल्याला त्यांचे लग्नविधी आणि देवधर्म वाचावे लागतात.

फिरत्या गावाचे महत्त्व राज्यकर्त्यांना चांगले कळत होते. शहाजहान १६३० मध्ये बऱ्हाणपुरास येऊन राहिला. पुढच्या वर्षी मुमताजमहल येथेच वारली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याच दोन वर्षांत गुजरात, खानदेश आणि दख्खन यांना भीषण दुष्काळाने ग्रासले होते, ही गोष्ट मात्र ताजमहालाच्या गोष्टीत बहुधा गाळली जाते. १६३० च्या अखेरीस पीटर मंडी सुरतेहून या वाटेने आला, तेव्हा त्याने रस्त्यावर पडलेली प्रेते पाहिली. आणि माळव्यातून धान्य घेऊन येणारे तांडे बऱ्हाणपुराकडे चालले होते, ते बादशाही लष्करासाठी. वाहन होते, धान्य होते, वाटही तीच होती. पण बैलाचे तोंड कोणीकडे वळवावयाचे, हे ठरविणारा नायक नव्हता, लष्कराचा खजिना होता. याच सुमारास वजीर असफखान याने भंगी आणि जंगी या दोन नायकांना ताम्रपट दिला, अशी बंजाऱ्यांची परंपरा सांगते. रांजणातले पाणी आणि छपराचे गवत वाटेत हक्काने घेण्याची, इतकेच नव्हे तर खूनही माफ असण्याची सवलत त्यात होती म्हणतात. ताम्रपटाचा शब्दन् शब्द खरा असो वा नसो, फौजेने तांड्याला कोणत्या भावाने विकत घेतले, ते त्यातून कळते. रयतेच्या छपराचे गवत देणे बादशहाला सोपे होते. ते छप्पर त्याचे नव्हते. १८०३ च्या ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला, त्या मोहिमेतही इंग्रजी फौजांची रसद बंजाऱ्यांच्याच पाठीवर होती.

मग हे वाहन मोडले कशाने? नेहमीचे उत्तर आगगाडीचे देतात, आणि ते बरोबरही आहे. पण बऱ्हाणपुरात त्याच्याही आधी एक दुसरी गोष्ट आडवी आली, आणि ती अक्षरशः आडवी आली. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानच्या मधोमध एक जकातरेषा आखली होती. १८७० च्या आसपास ती दोन हजार मैलांहून लांब झाली होती आणि तिच्यावर बारा हजारांच्या वर माणसे पहारा करीत. तिच्या मोठ्या भागावर बाभळी, बोरी, निवडुंग आणि करवंदीचे जिवंत कुंपण वाढविलेले होते. हे कुंपण पंजाबात सिंधूकाठच्या लेय्यापासून निघे, आणि त्याचे दक्षिणेकडचे टोक होते आपले बऱ्हाणपूर! किनाऱ्याकडून मीठ आणावयाचे आणि उत्तरेचे धान्य परत न्यावयाचे, हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांच्या वाटेवर सरकारने काट्यांची भिंत उभारली. १८७९ मध्ये ही रेषा बंद झाली. पण तोवर लालबागेत आगगाडी शिट्टी देऊ लागली होती. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता सलग लोहमार्ग तयार झाला, तोही याच वाटेने. ज्या तांड्याला बऱ्हाणपुराहून पुढे जाण्यास अनेक आठवडे लागत, त्याचा सारा माल आता एका गाडीतून रात्रीत निघून जाऊ लागला. पडीक राने लागवडीखाली आली, जंगले राखीव झाली, आणि फुकट चारा संपला. मंदपणाचा फायदा होता तो चाऱ्यावर; चारा गेला, तशी नुसती मंदगती उरली.

तिसरी गोष्ट कायद्याची. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. प्रथम तो उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता, १९११ नंतर त्याची व्याप्ती देशभर झाली. ज्याला कायमचा पत्ता नाही, तो संशयित, ही त्यामागची समजूत. एका पिढीपूर्वी ज्यांच्याकडून फौजेने धान्य घेतले, त्यांच्यातल्या अनेकांना आता हजेरी देण्यासाठी पोलिस ठाण्यात उभे राहावे लागले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. बंजाऱ्यांनी शेती धरली, मजुरी धरली. वसंतराव नाईक यांच्यासारखा त्यांच्यातला माणूस १९६३ ते १९७५ अशी दीर्घकाळ महाराष्ट्राची धुरा वाहून गेला. तांडा हा शब्द आज वस्तीच्या नावात राहिला आहे. तो चालत नाही.

चाकावरचा संसार ज्यांनी खऱ्या अर्थाने थाटला, ते गाडी लोहार. खानदेश, निमाड आणि माळवा या टापूत गावाबाहेर त्यांच्या पितळी पट्ट्या ठोकलेल्या जड गाड्या दिसत. १५६८ मध्ये अकबराने चितोड घेतले, तेव्हा गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही, खाटेवर निजणार नाही, दिवा लावणार नाही, अशा शपथा आपल्या पूर्वजांनी घेतल्याचे ते सांगतात. महाराष्ट्राच्या सरकारी यादीत घिसाडी या नावाखाली गाडी लोहार आणि चितोडी लोहारही येतात. ऐतिहासिक पुराव्याच्या काट्यावर ही शपथ किती उतरेल, हा निराळा प्रश्न. मला त्यांच्या गाडीतले व्यावहारिक शहाणपण अधिक आकर्षक वाटते. बंजाऱ्याने चाक टाळले आणि लोहाराने तेच निवडले, असे का? बंजाऱ्याचा माल पोहोचला की पाठ मोकळी होते. लोहाराची ऐरण, घण, भाता आणि सांडस कधीच विकली जात नाहीत. ती जन्मभर बरोबर वाहावी लागतात. त्यांना गाडीच हवी. आणि त्याला घाट ओलांडण्याचे कारण नाही. एका गावचे विळे, कुऱ्हाडी, पास आणि तवे झाले, की दोन-चार कोसांवरच्या पुढल्या गावी, ज्या वाटेने शेतकऱ्याची गाडी जाते त्याच वाटेने, तो जाणार. धाव सैल झाली तर दुरुस्त करणारा गाडीतच बसलेला असतो. आपले वाहन आपल्या हाताने दुरुस्त करता येणे, यापरता मोठा स्वस्तपणा दुसरा नाही.

६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरू गाडी लोहारांना घेऊन चितोडगडावर गेले, आणि शपथ फिटल्याचे जाहीर झाले. त्यानंतर त्यांच्यासाठी वसाहतीही बांधण्यात आल्या. पण शपथेने नव्हे तर धंद्याने ते रस्त्यावर होते. कारखान्यात तयार झालेला विळा आणि तवा गावच्या बाजारात येऊन पडला, तेव्हा गाडी चालविण्याचे कारणच संपत आले. आणि थांबावयाचे म्हटले, तर जागा कोणाची? शिधापत्रिका, मतदारयादी, शाळेचा दाखला या साऱ्यांना पत्ता लागतो. भटक्या आणि विमुक्त जमातींसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, त्यात घर आणि ओळखीची कागदपत्रे नसलेल्या अशा कुटुंबांची दैना मांडलेली आहे.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मोटारघरांनी मुक्काम करावा यासाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले तळ असावेत, असा त्यात विचार आहे. विचार चांगला आहे. तळाच्या दारावर पहारेकरी असेल, आणि समोर बैलगाडी उभी राहिली तर तो काय करील, एवढे मात्र धोरणात लिहिलेले नाही.

कुटुंबासह रस्त्यावर येऊन पोट भरणारे आजही थोडे नाहीत. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून आणि खानदेशातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांत बंजारा आणि वंजारी पुष्कळ असतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक कोयता म्हणतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीत हंगाम काढावयाचा असतो. बैलगाडीवाल्यांची रीत अशी, की बैल मजुराचे आणि रबरी टायरची गाडी बहुधा कारखान्याची, भाडे देऊन घेतलेली. भाडे मजुरीतून वळते होते. जनावर आजारी पडले, तर खर्च मजुराचा. आणि पट्टा पडला, की गाडी कारखान्याच्या आवारात परत जाते.